कोंडुलीची व्याख्या

"तू तं त्या दिशी पेलाच नाही ना, बाबू," सुकवारोबाई म्हणाल्या. "आज पी."

त्या हे बोलल्या ते बाणेरच्या एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या दारात, सकाळी साडेनऊला, आणि चांगल्या खणखणीत आवाजात बोलल्या. मी आधी आजूबाजूला पाहिलं. भाजीचे क्रेट उतरवणारे दोघे सोडले तर कोणी नव्हतं. मग मी हसलो आणि वाकून नमस्कार केला. नमस्कार फार सोयीचा असतो, तेवढा वेळ तोंड लपवता येतं.

सुकवारोबाई पंधरे तेव्हा सत्तरीच्या असतील. गोंदिया जिल्ह्याच्या अगदी टोकाला, सालेकसाच्या पुढे, जंगलाला लागून हर्रीटोला नावाचं गाव आहे, तिथल्या. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, पायात प्लास्टिकच्या चपला आणि मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेलं मडकं. हॉटेलच्या पायरीवर त्या घरच्या ओट्यावर बसावं तशा बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून दुर्पता छातीशी फाईल धरून उभी होती. ती गावात अंगणवाडी सेविका आहे, मला तीन वर्षांपूर्वीपासून ओळखत होती.

"अहो, परीक्षकानं स्पर्धकांना भेटायचं नसतं," मी दुर्पताला हळूच म्हणालो.

"आमी कुठं भेटाले आलो, सर? पुढच्या दारावरच्या माणसानं मडका पाहून मांगं पाठवलं. तुमी आपल्या पायानं आले."

तेही खरंच होतं. पुढे गाडी लावायला जागा नव्हती म्हणून मी मागून शिरलो होतो.

मडक्यात काय होतं ते सांगतो. कोंडुली ही त्या गावची बिअर. बिअर म्हटलं की आपल्याला बाटली आणि गोरा साहेब आठवतो. पण धान्याला मोड आणा, वाळवा, भरडा, पाण्यात घालून फसफसू द्या, जे होतं ती बिअर. हर्रीटोल्यात कुटकी या बारीक भरडधान्याचं पीठ वाफवतात, त्यात मोड आलेल्या मक्याची भरड कालवतात आणि मडक्यात साल नावाच्या झाडाच्या पानांखाली तीन दिवस झाकून ठेवतात. चौथ्या दिवशी पाणी घालून टोपलीतून गाळायची आणि प्यायची. लग्नात, बारशात, पेरणी आटोपल्यावर, पुरखांच्या, म्हणजे पूर्वजांच्या, पूजेत, सगळीकडे तीच.

हे सगळं जगाला मी सांगितलं होतं. मी, शशांक टिपणीस, पुण्यात छोटी ब्रूअरी चालवणारा, 'कोंडुलीचा माणूस'. माझा लेख गाजला, मग माझी बिअर गाजली, मग पुण्या-मुंबई-बंगळुरूच्या आठ ब्रूअऱ्या आपापली कोंडुली करू लागल्या. जुन्या देशी पेयांना उभारी द्यायला एक परिषद निघाली होती, तिनं पहिलीच स्पर्धा भरवली आणि त्यात कोंडुलीचा स्वतंत्र वर्ग ठेवला. कोणती बिअर कोंडुली म्हणायची आणि कोणती नाही, याची दीड पानाची व्याख्या परिषदेच्या पुस्तकात आहे. ती मीच लिहिली.

"किती गुण पायजे, सर?" दुर्पतानं विचारलं.

"पन्नासपैकी तीस."

"तीस भेटले तं परिषदेचा कागद भेटते. तो अर्जाले जोडला का गावाले परवाना भेटू शकते, असं तालुक्याच्या साहेबानं सांगतलं. मागच्या चैतात धाड पडली, सर. सात घरचे मडके फोडले. यांचा मडका आजेसासूच्या वेळचा होता. तेव्हापासून कोणी लावतच नाही. पोरीबारी तं कशी लावाची तेच भुलून चालल्या."

"आणि आणलीत कशी? गाडीत इतका वेळ..."

सुकवारोबाईंना माझं बोलणं बावळटपणाचं वाटलं असावं. "आणन कशी? तिले गाडीत नाही बसवत. इथंच लावली."

चार दिवसांपूर्वीच दोघी आल्या होत्या. वाकडला एका इमारतीच्या कामावर त्यांचा भाचा गवंडी होता, त्याच्या पत्र्याच्या खोलीत मुक्काम. कुटकी, मका, सालाची पानं, टोपली आणि नवं मडकं सगळं गाडीतून मांडीवर घेऊन आलेलं. नळाच्या पाण्याला दवाखान्याचा वास येतो म्हणून म्हातारीनं ते आधी एक दिवस उघड्या घमेल्यात उन्हात ठेवलं आणि मगच वापरलं. क्लोरीन उडवायला आम्ही ब्रूअरीत यंत्र बसवलंय. आज पहाटे मडकं उघडलं होतं आणि बसनं, दोन रिक्षा बदलून, त्या इथे पोचल्या होत्या.

"सर, एक बोलू काय?" दुर्पतानं फाईल उघडली. आत माझ्या इंग्रजी लेखाची झेरॉक्स होती, कडा दुमडलेल्या. "यात तुमी आंबट लिवलं, साहेबानं वाचून सांगतलं. चार जागी लिवलं. मी यांना म्हटलं, दोन दिस जास्त ठेवू, आंबट होऊन जाईल, सरांनी लिवलं तसं. तं या आयकतच नाही."

"काहून आयकू?" म्हातारी म्हणाली. "आंबट झाली का आमी डुकरांले घालतो. बाबूले काय डुकरांची पाजू?"

आणि ती खदखदून हसली. दुर्पताही तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार होतो?

"सरांले समजते," दुर्पता म्हणाली. "मी म्हटलं होतं, सर हायेत तिथं. त्यांना खरी पाजली का झालं."

मी घड्याळ पाहिलं, उशीर होतो म्हणालो, आणि आत सटकलो.

आता तीन वर्षांपूर्वीचं सांगणं भाग आहे, आणि सांगताना जीभ अडखळते.

मी हर्रीटोल्याला गेलो तो मे महिना होता. त्याच्या आधीच्या वर्षी मी युरोपात भटकून आलो होतो. जुन्या बिअरा पुन्हा उभ्या करण्याचं तिकडे वेडच आहे. जर्मनीत गव्हाची आंबट, किंचित खारट बिअर मी प्यायलो. ती एकदा नामशेष व्हायला आली होती. पोलंडमध्ये धुरी दिलेल्या गव्हाची बिअर कारखाना बंद पडला तशी संपली होती. घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांनी ती पुन्हा आणली. प्रत्येक ठिकाणी भिंतीवर त्या माणसाचा फोटो, ज्यानं ती वाचवली. मला तो फोटो हवा होता. उगाच कशाला लपवा, बिअरपेक्षा मला फोटोच हवा होता.

कोणीतरी हर्रीटोल्याचं नाव सांगितलं. नागपूरहून भाड्याच्या गाडीनं गेलो. सुकवारोबाईंच्या ओट्यावर मी एकूण दोन तास होतो. पीठ, भरड, पानं, मडकं, सगळ्याचे फोटो काढले, दुर्पतानं सांगितलेलं टिपून घेतलं. ओट्याच्या कोपऱ्यात एक मडकं झाकलेलं होतं.

"हे कधी उघडायचं?" मी विचारलं.

"उद्या सकाळी," सुकवारोबाई म्हणाल्या. "एक रात थांब. खाट टाकतो. सकाळी पुरखांले देऊ, मंग तुले."

मी म्हणालो, तिकीट आहे. होतंच तिकीट. पण ते बदलता आलं असतं. ड्रायव्हर कुरकुरत होता, उकाडा होता, डास होते आणि परवा मुंबईत एका मोठ्या हॉटेलवाल्याशी माझी भेट ठरली होती. मी म्हणालो, एका कॅनमध्ये भरून पाठवता येईल का? म्हातारी दुर्पताकडे बघून काहीतरी बोलली. दुर्पतानं मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, ती चालत नाही. जिथं लावली तिथंच प्याची, उतरत्या उन्हाच्या आंत." मी म्हटलं, हो हो, तरी पाठवा. ती रीत असेल, असं मला वाटलं. आदिवासींच्या रीती टिपून घ्यायच्या असतात, त्यांचं ऐकायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुर्पताच्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी कॅन गोंदियाला नेऊन पार्सलला टाकला. मेच्या उन्हात तो तिसऱ्या दिवशी पुण्यात आला तेव्हा फुगून फुटबॉल झाला होता. मी उघडला, ग्लासात ओतली, आणि एक घोट घेतल्यावर खुर्चीतून उठून उभा राहिलो. आंबट! जर्मनीत प्यायलो होतो तसली, जीभ आकसून घेणारी. कोणी म्हणालं असतं की बिघडली आहे, तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं. मला जे सापडायला हवं होतं तेच सापडलं होतं.

लेखाची सुरुवात मी अशी केली: 'सुकवारोबाईंच्या ओट्यावर, सालाच्या पानाच्या द्रोणातून मी पहिला घोट घेतला आणि त्या आंबट चवीनं...' पुढचं राहू द्या. पार्सलच्या कॅनमधून ग्लासात ओतली, असं लिहिलं असतं तर कोणी छापलं नसतं.

तर हॉलमध्ये मी जाऊन बसलो. कोंडुलीच्या टेबलावर आम्ही दोघेच परीक्षक. दुसरे चिरमुले सर. पस्तीस वर्षं मोठ्या कारखान्यांत ब्रूमास्टर म्हणून घालवलेली, निवृत्त, बोलायला फटकळ, पण नाक असं की ग्लास शेजारून नेला तरी पाण्याचा दोष सांगतील. आमच्यापुढे बिनमिठाची बिस्किटं, पाण्याचे तांबे आणि गुणपत्रिकांचा गठ्ठा. ग्लासवर फक्त नंबर, नाव नाही.

एक ते आठ नंबर एका सुरात गेले. सगळ्या आंबट. कोणी फळ घातलं होतं, कोणी मीठ, एकानं कोकम. सगळी माझीच पिलावळ.

"टिपणीस, तुझं साम्राज्य पसरलं रे," चिरमुले म्हणाले. "माझे दात आंबले."

नऊ नंबर आला. दुधाळ, गढूळ, फेस जवळजवळ नाही. वाढणाऱ्या मुलीनं ट्रेमधून उतरवताना नाक मुरडलं. चिरमुल्यांनी ग्लास नाकाखाली धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"हे काय आहे रे?"

मी घोट घेतला.

काय सांगू? भाताच्या पेजेचा कोमट गोडवा, पण पेजेसारखा जड नाही. त्यामागून भाजल्या कणसाचा वास. आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडेला सालाच्या पानाचा बारीकसा तुरटपणा, तो पुढचा घोट मागत होता. कुठे काही ठासून भरलेलं नाही, कुठे काही कमी नाही. वीस वर्षं मी या धंद्यात आहे. इतकी सरळ, इतकी स्वच्छ बिअर मी ना त्याआधी प्यायलो ना नंतर. डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे. म्हातारी मला एक रात्र थांब म्हणाली होती ते यासाठी.

"संपवलास की," चिरमुले म्हणाले. माझा ग्लास रिकामा होता. परीक्षणात कोणी ग्लास संपवत नाही. "मीही संपवतोय. उत्तम आहे. हात फार चांगला आहे कुणाचा तरी." मग त्यांनी परिषदेचं पुस्तक ओढलं आणि चष्मा सारखा केला. "पण ही कोंडुली नाही. ऐक. 'ठळक, जीभ आकसवणारा आंबटपणा हा कोंडुलीचा प्राण आहे. त्यावाचून कोणताही नमुना कोंडुली मानू नये.' तुझंच वाक्य."

"हं."

"मानू नये, लिहून ठेवलंयस. इतकं ठाम कशाला लिहावं माणसानं?" त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मला एक शंका येते. ते पोलंडवाले म्हणे, बिअर पुन्हा केली तेव्हा नुसत्या कागदांवर थांबले नाहीत. बंद कारखान्यातले म्हातारे कामगार शोधून आणले, चाखायला दिली, ही तीच का म्हणून विचारलं. आता इथे तसा माणूस एकच, तू. गावात जाऊन, त्या बाईच्या ओट्यावर बसून ताजी प्यायलेला आपल्यात तू एकटा. तर तूच सांग. अशी होती का ती?"

मी एक बिस्किट मोडून तोंडात टाकलं.

एक वाक्य पुरलं असतं. 'सर, मी ती ताजी प्यायलोच नाही.' चिरमुल्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, मग पेन काढून व्याख्येवर काट मारली असती, आणि नऊ नंबरला पंचेचाळीसच्या खाली गुण दिले नसते. मला ते ठाऊक होतं. पण त्या वाक्याच्या मागे पुढची वाक्यं रांगेनं उभी होती. मग लेखात द्रोण कुठून आला? मग आठ ब्रूअऱ्या इतके दिवस काय विकतायत? मग तुझ्या ब्रूअरीच्या भिंतीवर तुझा एवढा मोठा फोटो आहे तो कशाबद्दल? हो, फोटो लागला होता. पुढच्या महिन्यात मी जर्मनीला भाषणाला जाणार होतो. विषय, एका आंबट बिअरचा पुनर्जन्म.

आणि मागच्या दारात पायरीवर एक म्हातारी बसली होती. मला कळत होतं, की मी तिचं मडकं दुसऱ्यांदा फोडायला निघालो आहे. हे तेव्हा कळत नव्हतं, नंतर पश्चात्ताप झाला, असं मला म्हणता येत नाही. सगळं कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "आंबट होती. चांगली आंबट."

चिरमुल्यांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "नक्की?"

"नक्की."

"मग झालं." त्यांनी पेन उचललं. "शहरातला कोणीतरी हौशी दिसतो. हात आहे, अभ्यास नाही. वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम." त्यांनी एकवीस दिले. मी सतरा दिले, आणि शेऱ्याच्या चौकटीत इंग्रजीत चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं. मग पाणी प्यायलो. चव मात्र जात नव्हती.

निकाल चारला लागले. पहिला नंबर कोकमवाल्याचा. टाळ्या वाजल्या, माझ्या हस्ते पदक दिलं गेलं, पुनरुज्जीवन या शब्दावर मी पाच मिनिटं बोललो. मग पुढच्या दारानं गुपचूप निघणार, तेवढ्यात लॉबीत दुर्पतानं गाठलं. तिच्या हातात गुणपत्रिकेची प्रत होती. परीक्षकाचं नाव कापून प्रत देतात.

"सर, सरासरी एकोणीस भेटले."

"अरेरे," मी म्हणालो.

"तुमच्या टेबलावर होता ना आमचा?"

"नाही," मी म्हणालो. एकदा तोंड सवयीचं झालं की कष्ट पडत नाहीत. "तो दुसऱ्या टेबलावर गेला. मला मिळालाच नाही चाखायला."

तिचा चेहरा एकदम सुटला. म्हणजे सरांनी नाही केलं हे! ती मला ओढतच मागे घेऊन गेली. "माय, सरांच्या हातात नव्हता आपला मडका. दुसऱ्यायनं पेला."

सुकवारोबाई आता पायरीवरून हलवलेल्या दिसत होत्या, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे एका झाडाखाली बसल्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"म्हंजे आजबी नाही पेलास?"

"नाही."

"तुह्या नशिबातच नाही का काय बाबू?" त्यांनी पोतं बाजूला केलं, मडकं तिरकं केलं आणि प्लास्टिकच्या ग्लासात ओतली. "उन्ह हाये अजून. पी."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसून प्यायलो. पहिल्यांदाच पितोय असा चेहरा करून प्यायलो. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सकाळपासून तिचा गोडवा जरा उतरला होता, कडेला कुठेतरी आंबट व्हायची सुरुवात झाली होती, पण तरीही ती तीच होती.

"कशी लागली?"

"फार चांगली," मी म्हणालो. दिवसभरात मी बोललेली तेवढी एकच गोष्ट खरी होती, आणि तीही बोलताना मला लाज वाटली.

"मंग असीच लिवजो आता," त्या म्हणाल्या.

"लिहितो."

दुर्पतानं गुणपत्रिका पुढे केली. "इंग्रजीत हाये, सर. कोण जाणे काय लिवलं. वाचून सांगा ना."

मी कागद घेतला. माझंच अक्षर. आठव्या इयत्तेत त्या अक्षराला मला बक्षीस मिळालं होतं.

"लिहिलंय की..." मी कागद जरा लांब धरला. "आंबटपणा अजिबात नाही. नमुना परंपरेला धरून नाही. करणाऱ्यानं मूळ कोंडुलीचा अभ्यास करायला हवा."

सुकवारोबाईंना आधी समजलं नाही. दुर्पतानं त्यांना त्यांच्या बोलीत सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग हसायला लागल्या, सकाळसारख्याच, खदखदून. "कोनाचा अभ्यास?" त्या म्हणाल्या. "कोनापासी जाऊ मी अभ्यासाले?"

दुर्पता हसली नाही. ती कागदाकडे बघत होती. सात घरांची मडकी, परवाना, तालुक्याच्या साहेबाला काय सांगायचं, सगळं तिच्या कपाळावर दिसत होतं. ती हिशेबी नव्हती, पण जबाबदार होती. गावानं तिला पाठवलं होतं.

"सर," ती म्हणाली, "तुमी खरं सांगा. पुढच्या सालाले आंबट आणली तं पास होईल काय?"

चिरमुले अजून हॉलमध्येच होते. मी तिला हाताला धरून आत नेलं असतं तरी चाललं असतं. अजूनही चाललं असतं. ही दुसरी संधी होती, आणि मी मागितली नसताना आलेली.

"नियम तसा आहे," मी म्हणालो.

"मंग नियमानं करू."

सुकवारोबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. फक्त मडकं उचललं, उरलेली सगळी झाडाच्या बुंध्याशी ओतली, आणि पोत्यानं ते आतून बाहेरून पुसत बसल्या. मी म्हणालो, स्टेशनवर सोडतो. त्या म्हणाल्या, नको, भाचा येते.

त्याला आता नऊ वर्षं झाली. जर्मनीत माझं भाषण छान झालं. लेखात एक शब्दही मी बदलला नाही. बसायचो लिहायला, पहिल्या ओळीतल्या द्रोणापाशी हात थांबायचा.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत हर्रीटोल्याचा नमुना कॅनमधून पार्सलनं आला. आता तो प्रवासात बिघडण्याची भीतीच नव्हती. मी चव घेतली. जीभ आकसून घेणारी, अगदी पुस्तकातल्यासारखी. चिरमुले त्या वर्षी आजारी होते. मी चव्वेचाळीस गुण दिले. गावाला कागद मिळाला, कागदावर परवाना मिळाला, आणि सहा महिन्यांत तिथे स्टीलच्या दोन टाक्या बसल्या. तिथून माल नागपूरला जातो. दुर्पता आता टाक्या चालवणाऱ्या बायकांच्या गटाची अध्यक्ष आहे.

परवाना आला त्या दिवशी तिचा फोन आला. मागे ढोल वाजत होते, तिला ओरडून बोलावं लागत होतं. मी अभिनंदन केलं आणि सुकवारोबाईंबद्दल विचारलं.

"हायेत. चांगल्या हायेत. पण त्या पेत नाही आता, सर. हातबी लावत नाही. म्हणतात, तुमची तुमी करा. त्यांची कशी लावाची ते मीच आता एकदा विचारून ठेवीन म्हणतो, पण वेळच नाही भेटत."

मागून कोणीतरी तिला हाक मारली.

"सर?" ती म्हणाली. "आता बरोबर झाली ना आमची?"

"बरोबर झाली," मी म्हणालो.

"तुमच्यामुळंच झाली, सर," दुर्पता म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.